जुना संगणक कशाची वाट पाहत असतो?

२०१३ साली इंटेलचा कोअर आय-३ ४१३० हा प्रोसेसर बाजारात आला तेव्हा तो सेकंदाला ३.४ अब्ज ठोक्यांच्या वेगाने चालत होता. एखाद्या घरात टेबलाखाली तो आज शाबूत असेल, तर आजही त्याच वेगाने चालतो. सिलिकॉनच्या चिपमध्ये घरगुती वापराने झिजण्यासारखे फारसे काही नसते. रॅमचेही तसेच. तरीही त्याच घरातली माणसे सांगतात की संगणक सुरू करून चहा टाकला तर चहा आधी होतो, ब्राउझर उघडायला मिनिट लागते आणि मध्येच सगळे ‘हँग’ होते. त्यांचे म्हणणे खरे असते आणि प्रोसेसरचा वेग तोच आहे हेही खरे असते. मग वेळ जातो कुठे?

बहुतेक वेळा तो वाट पाहण्यात जातो. प्रोसेसर मोकळा असतो, पण त्याला हवी ती माहिती समोर आलेली नसते. ती कुठे अडली आहे हे कळले तर जुना संगणक थोडक्या खर्चात आणखी काही वर्षे चांगला चालतो. ते न पाहता कोणी रॅम टाकून घेतो, कोणी फॉरमॅट मारून घेतो, कोणी नवा संगणक घेतो आणि जुना माळ्यावर टाकतो. यातला बराच खर्च टाळता येण्याजोगा असतो. म्हणून आधी तपासणी, मग इलाज.

विंडोजच्या संगणकावर या तपासणीला पैसे लागत नाहीत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी आणि डिस्क असे स्तंभ दिसतात. हे आकडे संगणक निवांत असताना पाहून उपयोग नाही. तो अडखळत असेल त्याच वेळी पाहायचे आणि कोणता आकडा शंभर टक्क्यांजवळ चिकटून बसला आहे ते टिपायचे. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बहुतेक घरगुती संगणकांत डिस्कचा आकडा १०० टक्के दिसतो आणि सीपीयू दहा-वीस टक्क्यांवर रेंगाळत असतो. गंमत म्हणजे डिस्क पूर्ण गुंतलेली दिसत असताना तिचा वेग मात्र सेकंदाला एखादा एमबी किंवा त्याहूनही कमी दाखवला जातो. तीच डिस्क सिनेमाची मोठी फाइल कॉपी करताना सेकंदाला १०० एमबीचा वेग सहज गाठते. या विसंगतीतच सगळे मर्म आहे.

हार्ड डिस्क म्हणजे फिरणाऱ्या चकत्या आणि त्यांच्यावरून सरकणारा एक बारीक दांडा. लॅपटॉपमधली चकती सहसा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा दांड्याच्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी दांडा योग्य वर्तुळावर सरकवायला आणखी दहा-बारा. एकूण सतरा मिलिसेकंद धरू. याचा अर्थ ही डिस्क एका सेकंदात सुमारे ६० वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन येऊ शकते, त्याहून फार जास्त नाही. सिनेमाची फाइल सलग मांडलेली असते, त्यामुळे दांडा एका जागी बसून वाचत राहतो. विंडोज सुरू होताना मात्र हजारो छोट्या फाइली वाचाव्या लागतात आणि त्या डिस्कवर इकडेतिकडे विखुरलेल्या असतात. प्रत्येक खेपेला चार केबी मिळाले तर ६० खेपांत हाती येतात २४० केबी. शंभर एमबीची डिस्क पाव एमबीवर येते ती अशी.

पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ मध्ये रॅमॅक या संगणकाबरोबर आणली. चोवीस इंच व्यासाच्या ५० चकत्या, मिनिटाला १,२०० फेरे, आणि साठवण सुमारे ५० लाख अक्षरांची. आज घरी सहज मिळणाऱ्या डिस्कमध्ये त्याच्या कित्येक लाख पट माहिती मावते. फिरण्याचा वेग मात्र डेस्कटॉपच्या चांगल्या डिस्कमध्येही ७,२०० फेरेच आहे, म्हणजे सहा पट. धातूचा दांडा आणि फिरती चकती यांना यंत्रशास्त्राचे नियम लागू होतात. चिपा दर दोन-तीन वर्षांनी पुढे जात राहिल्या तरी दांडा तेवढा चपळ होऊ शकला नाही. घरगुती संगणकातला सगळ्यात हळू भाग हाच असतो, आणि नवा असतानाही हाच होता. तेव्हा त्याच्यावर मागण्या कमी होत्या इतकेच.

आता हार्ड डिस्कच्या जागी बसणारी एसएसडी. तिच्यात फिरणारे काही नाही. फ्लॅश मेमरीच्या चिपांमध्ये विजेचा भार अडकवून माहिती ठेवलेली असते. ही फ्लॅश मेमरी जपानमध्ये तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात विकसित केली. आजच्या एसएसडीत आणि पेनड्राइव्हमध्ये असते ती नँड पद्धत त्यांनी १९८७ मध्ये मांडली. एसएसडीला कोणत्याही जागेवरची माहिती काढायला मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढा वेळ पुरतो. रॅमला त्याचाही हजारावा हिस्सा. हे आकडे डोळ्यांसमोर येत नाहीत, म्हणून प्रमाण वाढवून पाहू. स्वयंपाक करताना ओट्यावरच्या डब्यातले मीठ घ्यायला एक सेकंद लागतो असे धरा. ती झाली रॅम. त्याच हिशोबाने एसएसडी म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून सतरा मिनिटांत मीठ आणणे. आणि हार्ड डिस्क म्हणजे मिठासाठी जवळजवळ दोन दिवस बाहेर राहणे. एवढा वेळ प्रोसेसर काय करणार? बसून राहतो.

म्हणून ज्या संगणकात अजून फिरती डिस्क आहे त्याला एसएसडी टाकणे हा पहिला आणि सगळ्यात मोठा इलाज आहे. दुसऱ्या कोणत्याही एका बदलाने इतका फरक पडत नाही. जुन्या बोर्डावर डिस्क जोडण्याच्या साटा जोडणीचा मागचा अवतार असतो, त्यावर एसएसडी टाकून काय उपयोग, असे दुकानात कधी कधी ऐकू येते. ते पटण्यासारखे नाही. नव्या साटावर सेकंदाला साडेपाचशे एमबी मिळत असतील तर जुन्यावर पावणेतीनशेच्या आसपास मिळतील, हे खरे. पण आपल्याला सलग वेगाची चणचण नव्हतीच. आपला वेळ जात होता तो विखुरलेल्या जागा शोधण्यात, आणि त्या दोन्ही जोडण्यांवर एसएसडी हजारोंच्या संख्येने शोधते.

घेताना अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी. ती जवळपास प्रत्येक जुन्या लॅपटॉपमध्ये आणि डेस्कटॉपमध्ये बसते. एम-डॉट-टू नावाची पट्टीसारखी एसएसडी बऱ्याच जुन्या बोर्डांवर बसत नाही, आणि बसली तरी एनव्हीएमई जातीची असल्यास बोर्ड तिच्यावरून सुरू होईलच असे नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा ऑनलाइन काय, नाव न ऐकलेल्या कंपनीच्या अतिस्वस्त एसएसडीपासून दूर राहावे आणि वॉरंटीचे बिल घ्यावे. घरी २५० जीबीपासून पुढचे काहीही पुरते. फोटो आणि व्हिडिओ खूप असतील तर ५०० घ्यावी, कारण एसएसडी काठोकाठ भरली की तिचाही वेग उतरतो. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवावी.

एसएसडी लवकर मरते ही भीती अजून पुष्कळांच्या मनात आहे. फ्लॅश मेमरीवर पुनःपुन्हा लिहिण्याला मर्यादा असते, हे खरे. पण ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीला कंपन्या दीडशे ते तीनशे टेराबाइट लेखनाची हमी देतात. घरगुती संगणकावर रोज २० जीबी लिहिले जाते असे सढळ हाताने धरले, तरी दीडशे टेराबाइट संपायला वीस वर्षे लागतात. तोवर संगणकाचे बाकीचे भाग टिकतील का, हा खरा प्रश्न आहे.

आता या कामातला सगळ्यात नाजूक भाग, म्हणजे आपली माहिती. ‘फॉरमॅट मारून घ्या, स्पीड येईल’ हा सल्ला आपल्याकडे इतका रुळला आहे की त्यात किती लग्नाचे अल्बम, किती आजी-आजोबांचे फोटो आणि किती प्रबंधांचे कच्चे खर्डे गेले असतील याची गणती नाही. दुकानदार प्रामाणिकपणे सांगतो की फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट करतो, डी तसाच राहील. घरच्यांना वाटते आपले सगळे डीमध्ये आहे. पण डेस्कटॉपवर दिसणाऱ्या फाइली, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स ही फोल्डरे विंडोज मुळात सी ड्राइव्हमध्येच ठेवते. संगणक उघडल्यावर समोर दिसते तेच सगळे पुसले जाते. एसएसडी टाकण्याचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा फायदा हाच की जुनी डिस्क पुसावी लागत नाही. ती काढून बाजूला ठेवायची, नव्या एसएसडीवर विंडोज नव्याने घालायचे आणि मग हवे ते सावकाश उतरवून घ्यायचे. विंडोज १० किंवा त्यापुढचे अधिकृत असेल तर परवाना संगणकाच्या बोर्डाशी जोडलेला असतो, त्यामुळे नव्याने घातल्यावर इंटरनेटला जोडताच तो सहसा आपोआप ओळखला जातो. क्लोनझिलासारख्या मोफत साधनाने जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर करता येते, पण पाच-सात वर्षांचा गाळ त्यासोबत येतो. वेळ असेल तर नवी मांडणीच बरी.

डिस्क हळू झाली आहे की मरायला टेकली आहे, हेही याच वेळी पाहून घ्यावे. चकतीवरचा एखादा भाग खराब झाला की डिस्क तो पुनःपुन्हा वाचायचा प्रयत्न करते, आणि वरून पाहणाऱ्याला संगणक गोठल्यासारखा वाटतो. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते. तिला स्मार्ट म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हा छोटा मोफत प्रोग्रॅम ती वाचून दाखवतो. त्यात बदललेल्या किंवा बदलायच्या जागांचा आकडा शून्याहून वाढत असेल, किंवा डिस्कमधून टक्‌-टक्‌ आवाज येत असेल, तर वेगाचा विषय सोडून द्या आणि त्याच दिवशी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवा.

डिस्कनंतर मेमरी. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर अडचण रॅमची आहे, आणि ती बहुधा डिस्कच्याच रूपाने दिसते. रॅम संपली की विंडोज तिच्यातला कमी लागणारा मजकूर डिस्कवर टाकते आणि लागेल तेव्हा परत आणते. ही कल्पना जुनी आहे आणि फार हुशारीची आहे. मँचेस्टर विद्यापीठातल्या ॲटलास या संगणकावर टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रत्यक्षात आणली, आणि १९६२ मध्ये तो संगणक कामाला लागला. थोडी महाग मेमरी आणि पुष्कळ स्वस्त साठवण मिळून प्रोग्रॅमला एकच मोठी मेमरी असल्याचा भास होतो. पण या ने-आणीला मर्यादा आहे. प्रोग्रॅमला एका वेळी जेवढी माहिती हाताशी लागते तेवढी रॅममध्ये मावत नसेल, तर आत आणलेले लगेच बाहेर टाकावे लागते आणि बाहेर टाकलेले लगेच आत. संगणकाचा सगळा वेळ या हेलपाट्यांतच जातो आणि काम पुढे सरकत नाही. पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये या अवस्थेचे नेमके विश्लेषण केले. त्यातले महत्त्वाचे निरीक्षण असे की ही घसरण हळूहळू होत नाही. एका मर्यादेपर्यंत सगळे ठीक चालते आणि ती ओलांडली की वेग एकदम कोसळतो. ब्राउझरमध्ये आठ टॅब असताना बरा चालणारा संगणक नवव्या टॅबला गुडघे टेकतो, त्यामागचे कारण हे आहे.

चार जीबी रॅममध्ये आजचे विंडोजच निम्मी जागा खाते. क्रोमसारखा ब्राउझर तर जवळजवळ प्रत्येक टॅबसाठी वेगळी प्रक्रिया चालवतो. एक पान बिघडले तर बाकीची पडू नयेत, म्हणून २००८ मध्ये क्रोम आला तेव्हापासून त्याची रचना अशी आहे. ती सुरक्षित आहे, पण तिला मेमरी भरपूर लागते. तेव्हा चारची आठ जीबी करावी. घरगुती कामाला आठ पुरते. सोळा घेऊन जास्त फरक पडेल असे नाही. रॅम घेण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागात मेमरीवर टिचकी मारली की किती खाचांपैकी किती भरल्या आहेत ते दिसते. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ यांच्या पट्ट्या एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत, म्हणून जात नक्की करून घ्यावी. दुसरी गोष्ट पुष्कळ जण विसरतात. संगणकावर ३२ बिटचे विंडोज घातलेले असेल तर ते चार जीबीपलीकडची रॅम वापरूच शकत नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टिम टाइप पाहावे. तिथे ३२ बिट लिहिले असेल आणि प्रोसेसर ६४ बिटचा असेल, तर आधी विंडोज बदलावे, नाहीतर नवी रॅम नुसती बसून राहील.

सीपीयूचाच आकडा शंभरावर असेल तर शोध वेगळ्या दिशेने जातो. इथे सगळ्यात दुर्लक्षित कारण उष्णता आहे. प्रोसेसर तापून शंभर अंश सेल्सियसच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी तो आपला वेग आपणच कमी करतो. तीन-साडेतीन गिगाहर्ट्‌झवरून तो एकाच्याही खाली येऊ शकतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या आलेखाखाली चालू वेग दिसतो. काम जोरात असतानाही तो आकडा पडलेला असेल तर उष्णतेची शंका घ्यावी. पंखा थंडावा निर्माण करत नाही, तो खोलीतली हवा फिरवतो. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात खोलीच ४० अंशांवर असेल तर पुण्यातल्या पावसाळ्यापेक्षा प्रोसेसर पंधरा अंश वरूनच सुरुवात करतो. त्यात लॅपटॉपच्या जाळीत धुळीचा आणि कापसाचा थर बसलेला असतो. प्रोसेसर आणि उष्णता वाहून नेणारी पट्टी यांच्यामध्ये लावलेली थर्मल पेस्ट काही वर्षांत वाळून जाते. आत साफसफाई करून नवी पेस्ट लावली की पंख्याचा आवाज कमी होतो आणि गेलेला वेग परत येतो. हवेचा ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी. तो अतिवेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरण्याची सवय सोडावी, कारण बऱ्याच लॅपटॉपमध्ये हवा खालूनच आत जाते.

लॅपटॉपच्या बाबतीत आणखी एक छुपे कारण चार्जर असते. काही कंपन्यांचे लॅपटॉप आपला चार्जर ओळखतात. मूळ चार्जर बिघडल्यावर आणलेला कमी ताकदीचा किंवा नकली चार्जर ओळखला गेला नाही, तर ते प्रोसेसर अगदी कमी वेगावर बांधून ठेवतात. सुरू होताना चार्जरविषयी इशारा येत असेल तर तो कळ दाबून पुढे ढकलू नका. फक्त चार्जर बदलून लॅपटॉप पूर्ववत झाल्याची उदाहरणे दुरुस्ती करणाऱ्या कोणालाही विचारा.

जुन्या संगणकावर यूट्यूब अडखळते त्यालाही नेमके कारण आहे. व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो आणि तो उलगडण्याचे काम चिपमधला एक खास भाग करतो. पण तो भाग ठरावीक पद्धतीच ओळखतो. २०१३-१४ च्या चिपांना एच.२६४ ही पद्धत येते. यूट्यूब मात्र आता व्हीपी९ आणि एव्ही१ या नव्या पद्धती पुढे करते. मग सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो आणि सीपीयू शंभरावर जातो. एच२६४-इफाय नावाचे छोटे एक्स्टेन्शन ब्राउझरला जोडले की यूट्यूब जुन्या पद्धतीचाच व्हिडिओ पाठवते. नाहीतर दर्जा ७२० किंवा ४८० वर ठेवावा, छोट्या पडद्यावर फरक जाणवत नाही.

सुरू होताना आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम टास्क मॅनेजरच्याच स्टार्टअप विभागात बंद करता येतात. ते जरूर करावे. दोन अँटिव्हायरस एकाच संगणकावर कधीही ठेवू नयेत, विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरासाठी पुरतो. आणि विंडोज ८ पासून शटडाउन केले तरी संगणक पुरता बंद होत नाही. फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा उचलला जातो. त्यामुळे महिनोन्‌महिने रोज बंद केलेल्या संगणकातही जुना गुंता तसाच राहू शकतो. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करावे, त्याने गाभा खरोखर नव्याने सुरू होतो.

ज्यांचा उपयोग नाही त्या उपायांविषयीही स्पष्ट बोलायला हवे. डेस्कटॉपवर उजवी टिचकी मारून रिफ्रेश, रिफ्रेश करण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. त्याने पडद्यावरची चिन्हे पुन्हा रेखाटली जातात, बाकी काही होत नाही. प्रीफेच फोल्डर रिकामा केल्याने उलट पुढची सुरुवात हळू होते, कारण लवकर सुरू होण्यासाठीच विंडोजने ती टिपणे ठेवलेली असतात. रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्रॅम वेग वाढवत नाहीत आणि कधी कधी विंडोज मोडतात. मायक्रोसॉफ्टनेही त्यांचा वापर करू नये असेच सांगितले आहे. ‘रॅम बूस्टर’ म्हणवणारे प्रोग्रॅम चांगली भरलेली मेमरी रिकामी करून दाखवतात आणि मग तीच माहिती डिस्कवरून परत आणावी लागते. फिरती डिस्क डीफ्रॅग करण्यात, म्हणजे विखुरलेल्या फाइली सलग मांडण्यात, अर्थ होता, एसएसडीला त्याची गरज नाही. जाहिरातीतून येणारा एकही ‘स्पीड-अप’ प्रोग्रॅम घालू नये, हे मी ठामपणे सांगेन.

एवढे करून दहा वर्षांचा संगणक खरोखर आजच्या कामाला पुरेल का, अशी शंका येणे रास्त आहे. १९९५ चा संगणक २००५ मध्ये निरुपयोगी झाला होता, मग २०१४ चा आज कसा चालेल? याचे उत्तर रॉबर्ट डेनार्ड या आयबीएमच्या अभियंत्याच्या १९७४ मधल्या कामात आहे. ट्रान्झिस्टर लहान केले तर त्यांना लागणारा विजेचा दाबही त्याच प्रमाणात कमी करता येतो, त्यामुळे चिप जास्त न तापता वेगवान होते, असे त्यांनी दाखवले. पुढची तीस वर्षे याच तत्त्वावर वेग वाढत गेला. १९९५ मध्ये १३३ मेगाहर्ट्‌झचा पेंटियम उत्तम समजला जाई. २००४ अखेर पेंटियम ४ ने ३.८ गिगाहर्ट्‌झ गाठले, म्हणजे नऊ वर्षांत अठ्ठावीस पट. त्याच सुमाराला ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की दाब आणखी उतरवता येईना, विजेची गळती वाढली आणि ही वाट बंद झाली. त्यानंतर प्रोसेसर सुधारले ते एका ठोक्यात जास्त काम करून आणि प्रोसेसरमधल्या गाभ्यांची, म्हणजे कोअरची, संख्या वाढवून. फरक पडला, पण अठ्ठावीस पट नाही. पत्र लिहिणे, बँकेचे काम, मुलांचा अभ्यास, हिशोबाची पत्रके यांसाठी २०११ नंतरचा कोअर मालिकेतला प्रोसेसर आजही पुरेसा आहे. त्यावर एसएसडीचा आणि रॅमचा खर्च करावा. त्याआधीचा, म्हणजे एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या निमित्ताने २००५ च्या आसपास घरी आलेला पेंटियम ४ असेल, तर त्यावर पैसे घालू नयेत. त्याला लागणारी रॅम मिळायला कठीण आणि आजचे ब्राउझर त्याला पेलवत नाहीत.

प्रोसेसर पुरेसा असूनही संगणक जुना पडतो याला सॉफ्टवेअरचे वाढते वजन कारणीभूत आहे. विंडोज ९५ ला किमान चार एमबी रॅम लागे. एक्सपीला ६४ एमबी, विंडोज ७ ला एक जीबी, विंडोज ११ ला चार जीबी. सव्वीस वर्षांत हजार पट. पास्कल ही भाषा घडवणारे स्विस शास्त्रज्ञ निक्लाउस वर्थ यांनी १९९५ मध्येच एका लेखात बजावले होते की हार्डवेअर जितक्या झपाट्याने वेगवान होते त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर मंद होते. सडपातळ सॉफ्टवेअर लिहा, अशी त्यांची विनवणी होती. ती फारशी कोणी ऐकली नाही, आणि त्याचा भुर्दंड चालू स्थितीतली यंत्रे टाकून देणाऱ्या कुटुंबांना पडतो.

हा भुर्दंड १४ ऑक्टोबर २०२५ ला ठळक झाला. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केल्यास सुरक्षा दुरुस्त्यांसाठी आणखी एका वर्षाची सवलत दिली. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे आपण वर ज्याचे गुणगान केले तो चौथ्या पिढीचा आय-३ त्यात बसत नाही. आडमार्गाने विंडोज ११ घालता येते, पण पुढची अद्ययावत आवृत्ती मिळेल याची हमी राहत नाही. बँकेचे व्यवहार होणाऱ्या संगणकावर सुरक्षा दुरुस्त्या बंद झालेली प्रणाली ठेवणे मला योग्य वाटत नाही.

अशा यंत्रासाठी विंडोजऐवजी लिनक्स हा चांगला पर्याय आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चार जीबी रॅमवर व्यवस्थित चालते, मोफत आहे आणि विंडोजची सवय असलेल्या माणसाला तासाभरात हाताळता येते. आपल्याकडे सी-डॅकने बॉस लिनक्स विकसित केले आहे. मराठी टाइप करायला इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये तयारच असतो, कारण तो १९९१ पासून भारतीय मानक आहे. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहता येते आणि त्या वेळी डिस्कवर काहीही बदलत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते आधी तपासावे. काही जुन्या लेझर प्रिंटरचे ड्रायव्हर लिनक्सवर मिळत नाहीत, आणि डिजिटल सहीच्या टोकनचाही त्रास होऊ शकतो. छापखान्यांत आणि डीटीपी करणाऱ्यांकडे पेजमेकर आणि जुन्या मराठी फाँटवर वर्षानुवर्षांचे काम अडकलेले असते. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ मध्ये आली. तो संगणक जसा आहे तसाच ठेवावा, पण त्याचे इंटरनेट काढून टाकावे आणि फाइली पेनड्राइव्हने न्याव्यात. त्या फाँटमधला मजकूर हळूहळू युनिकोडमध्ये आणत राहावा, कारण ते यंत्र कधीतरी बंद पडणारच आहे.

एसएसडी टाकल्यावर उरलेली जुनी हार्ड डिस्क, तिची तब्येत चांगली असेल तर, टाकू नये. अडीच इंची डिस्कसाठी यूएसबीचे केसिंग काही शे रुपयांत मिळते. ती फोटोंची दुसरी प्रत ठेवायला उत्तम. वर्षानुवर्षे कपाटात बंद ठेवायचे असेल तर एसएसडीपेक्षा ती बरी, कारण वीज न मिळाल्यास फ्लॅश मेमरीतला भार दीर्घ काळात झिरपून जाऊ शकतो. मात्र तिच्यावरची प्रत ही दुसरीच असावी, एकुलती एक कधीही नसावी.

आणि संगणक खरोखरच निकालात काढायचा असेल तर डिस्क काढून घेतल्याशिवाय तो कोणाला देऊ नका. फाइल डिलीट केली किंवा झटपट फॉरमॅट केले तरी फिरत्या डिस्कवरचा मजकूर तिथेच असतो आणि मोफत प्रोग्रॅमने परत काढता येतो. उरलेला सांगाडाही भंगारात देऊ नका. बोर्डात शिसे असते, आणि तांब्या-सोन्यासाठी तो उघड्यावर जाळला किंवा आम्लात बुडवला जातो तेव्हा हे शिसे काम करणाऱ्या माणसांच्या अंगात जाते. १ एप्रिल २०२३ पासून देशात नवे ई-कचरा नियम लागू आहेत आणि असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडेच जायला हवा. आपल्या शहरातल्या केंद्राची माहिती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. संगणक तिथेच पोचवा.